‘नाही’ या उत्तराचा अर्थ

प्रगणक दारात उभा राहतो, हातातील प्रश्नावली उघडतो आणि इतर अनेक प्रश्नांच्या ओघात एक प्रश्न विचारतो : ‘आपणास मधुमेह आहे, असे एखाद्या डॉक्टरने कधी सांगितले आहे काय?’ उत्तर येते, ‘नाही’. प्रगणक त्या चौकटीत खूण करतो आणि पुढील प्रश्नाकडे वळतो. अशा लक्षावधी खुणांची बेरीज होऊन एक टक्केवारी तयार होते. ती अहवालात छापली जाते, विधिमंडळात वाचून दाखविली जाते, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकते आणि अखेरीस कोणत्या जिल्ह्यास किती औषधे, किती डॉक्टर आणि किती पैसा द्यावयाचा या हिशोबात शिरते. या सर्व प्रवासात एका गोष्टीची चौकशी मात्र होत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या माणसाचे रक्त आजवर कधी कोणी तपासले होते काय?

हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांनी आपापसांत सोडवावयाचा तांत्रिक प्रश्न आहे, अशी समजूत करून घेणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. शासनाच्या लेखी जे मोजले जात नाही ते अस्तित्वात नसते, आणि जे अस्तित्वात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही नसते. कोण मोजला जातो आणि कोण मोजणीतून निसटतो, हा म्हणूनच वाटपाचा प्रश्न आहे. आणि वाटपाचा प्रत्येक प्रश्न अखेर राजकीय प्रश्न असतो.

मधुमेहाच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र आहे, याचे कारण त्या रोगाच्या स्वभावातच आहे. ताप आलेल्या माणसास ताप आला आहे हे कळण्यासाठी डॉक्टरची गरज नसते. मोडलेला हात स्वतःच आपली साक्ष देतो. परंतु प्रौढ वयात जडणारा मधुमेह वर्षानुवर्षे मुक्याने वावरतो. तहान थोडी वाढते, थकवा येतो, रात्री लघवीस उठावे लागते, पायाची जखम लवकर भरत नाही. आणि यांपैकी प्रत्येक गोष्टीस वय, उन्हाळा किंवा कष्ट असे साधे कारण हाताशी असते. रोग आहे की नाही हे ठरते ते रक्तातील साखरेच्या मोजमापावरून. उपाशीपोटी साखर डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणाऱ्या ‘एचबीएवनसी’ या तपासणीत ६.५ टक्के किंवा अधिक, या त्याच्या सीमारेषा आहेत. या रेषा देहास कळत नाहीत, त्या उपकरणास कळतात. यास्तव ‘तुम्हांस मधुमेह आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या शरीराविषयी जितके सांगते त्याहून अधिक त्याच्या आणि दवाखान्याच्या संबंधाविषयी सांगते.

त्या एका ‘नाही’मध्ये किमान चार वेगवेगळी माणसे दडलेली असतात. पहिला माणूस तपासलेला आहे आणि खरोखरच निरोगी आहे. दुसऱ्याची तपासणी आयुष्यात कधीही झालेली नाही. तिसऱ्याचे रक्त एखाद्या शिबिरात किंवा शस्त्रक्रियेपूर्वी तपासले गेले, परंतु कागदावरील आकड्याचा अर्थ त्यास कोणी समजावून सांगितला नाही. चौथ्यास सर्व ठाऊक आहे, परंतु तो सांगत नाही. कारण मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, वाहनचालकाची नोकरी टिकवावयाची आहे, किंवा काही महिने गोळ्या घेऊन साखर उतरल्यामुळे आपण बरे झालो अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली आहे. प्रश्नावलीत या चौघांसाठी एकच चौकट असते. अहवालात हे चौघेही ‘मधुमेह नसलेले’ म्हणून एका रांगेत उभे केले जातात.

या चौघांत दुसऱ्या माणसाचे प्रमाण किती मोठे आहे, हे आता अंदाजाचे राहिलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडिॲब’ या देशव्यापी पाहणीत केवळ विचारून न थांबता घरोघर रक्त तपासले गेले. नमुन्यातील लोकांना ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी पुन्हा साखर मोजली गेली. पंधरा राज्यांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के भरले; आणि ज्यांना मधुमेह असल्याचे आढळले त्यांच्यापैकी ४७.३ टक्के लोकांना आपल्या रोगाची त्या दिवसापर्यंत कल्पनाही नव्हती. नुसते विचारले असते तर जवळजवळ निम्मा रोग कागदावर आलाच नसता. याच पाहणीचा संपूर्ण देशाचा अहवाल २०२३ साली आला. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख १३ हजारांहून अधिक लोकांची तपासणी करून काढलेले प्रमाण ११.४ टक्के होते, म्हणजे २०२१ सालच्या हिशोबाने सुमारे १० कोटी १० लाख माणसे.

पंचेचाळीस वर्षांवरील लोकांची जी मोठी राष्ट्रीय पाहणी २०१७ नंतर झाली, तिच्यातील रक्तनमुन्यांवरूनही हेच दिसले. या वयोगटात सुमारे २० टक्के लोकांना मधुमेह होता आणि त्यांतील पाचांपैकी दोघांस त्याची जाणीव नव्हती. ही केवळ भारताची कथा नव्हे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२५ सालच्या अंदाजानुसार जगातील मधुमेही प्रौढांपैकी सुमारे ४३ टक्के अनभिज्ञ आहेत. तपासणीची साधने मुबलक असलेल्या अमेरिकेतही २०२१ सालच्या सरकारी अंदाजाप्रमाणे ३ कोटी ८४ लाख मधुमेहींपैकी ८७ लाखांना आपला रोग ठाऊक नव्हता. मात्र तेथे चौघांत जेमतेम एक अनभिज्ञ असतो आणि येथे दोघांत एक किंवा पाचांत दोघे. हा फरक अमेरिकन माणूस अधिक खरे बोलतो म्हणून पडलेला नाही. त्याचे रक्त अधिक वेळा तपासले जाते म्हणून तो पडला आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विचारून काढलेले आकडे अपुरे असतात असे म्हटले की, ‘लोक अज्ञानी आहेत, ते काहीही सांगतात’ असा सूर काही सुशिक्षित मंडळी लगेच लावतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. जगभर जेथे जेथे लोकांची उत्तरे त्यांच्या रक्ताशी ताडून पाहिली गेली, तेथे ‘होय, मला मधुमेह आहे’ असे म्हणणारा माणूस बहुधा बरोबर ठरला आहे. निरोगी असून स्वतःस मधुमेही म्हणविणारे थोडेच असतात. फसवे ठरते ते ‘नाही’. आणि ते ‘नाही’ बहुतेक वेळा माणसाच्या असत्याचे किंवा अज्ञानाचे नसून त्याच्यापर्यंत न पोहोचलेल्या आरोग्यव्यवस्थेचे असते. ज्यास कोणी काही सांगितलेच नाही त्याने ‘नाही’ म्हणावे, यात त्याने प्रश्नाचे अचूक उत्तर दिले आहे. चूक आहे ती त्या उत्तराचा अर्थ ‘निरोगी’ असा लावणाऱ्यांची.

या चुकीचा परिणाम साध्या अंकगणिताने दाखविता येतो. समजा, दोन तालुके आहेत. दोन्हींत हजार प्रौढांमागे शंभर मधुमेही आहेत. पहिल्या तालुक्यात रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने आहेत, प्रयोगशाळा आहेत. तेथे शंभरांपैकी ऐंशी जणांना आपला रोग माहीत आहे. दुसऱ्या तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचे दार आठवड्यातील काही दिवस बंद असते. तेथे शंभरांपैकी तिसांनाच माहीत आहे. विचारपूस करणारी पाहणी पहिल्या तालुक्यात ८ टक्के आणि दुसऱ्यात ३ टक्के मधुमेह नोंदवील. मग मंत्रालयात बसलेला अधिकारी, अगदी सद्हेतूने, औषधांचा मोठा वाटा पहिल्या तालुक्यास देईल. ज्याच्यापाशी आधीच दवाखाना आहे त्यास आणखी एक मिळेल, आणि ज्याच्यापाशी नाही त्यास ‘तुमच्याकडे हा रोगच नाही’ असे उत्तर मिळेल. अभावच अभावाचे समर्थन करू लागतो.

पुढचा भाग याहून विपरीत आहे. दुसऱ्या तालुक्यात एखाद्या कर्तव्यदक्ष वैद्यकीय अधिकाऱ्याने दोन वर्षे झटून बहुतेकांची तपासणी केली, तर पुढील पाहणीत तेथील प्रमाण ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर जाईल. एकाही माणसाचा रोग वाढलेला नसेल. उलट पन्नास माणसांस प्रथमच उपचार मिळू लागले असतील. परंतु मथळा छापला जाईल, ‘तालुक्यात मधुमेहाचा विळखा’, आणि त्या अधिकाऱ्याकडून खुलासा मागविला जाईल. ज्या मोजपट्टीवर काम न करणारा उत्तीर्ण होतो आणि काम करणारा अनुत्तीर्ण होतो, ती मोजपट्टी शासनाने टाकून तरी दिली पाहिजे किंवा दुरुस्त तरी केली पाहिजे.

हे तर्कट नव्हे. अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते. आयुर्मानात देशाच्या अग्रभागी असलेल्या केरळातील लोक आपण आजारी असल्याचे सर्वाधिक सांगतात आणि ज्या बिहारमध्ये माणसे लवकर मरतात तेथील लोक सर्वांत कमी सांगतात. अमेरिकेतील लोक तर केरळीयांहूनही अधिक आजार नोंदवितात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१४ सालच्या ७१ व्या फेरीतही हेच चित्र होते. मागील पंधरवड्यात आजारी होतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण देशात ग्रामीण भागात ८.९ टक्के आणि शहरांत ११.८ टक्के असताना केरळात ते सुमारे ३० टक्के होते. केवळ या आकड्यांवर विसंबणारा माणूस केरळची इस्पितळे बंद करून बिहारचा आदर्श घ्या, असा सल्ला देईल. शिक्षण आणि दवाखाना जेथे पोहोचतो तेथे माणसास आपले दुखणे ओळखता येते, त्यास नाव देता येते आणि त्यासाठी हक्काने उपचार मागता येतात. दुखण्याची जाण हीसुद्धा या समाजात विषमतेने वाटली गेलेली गोष्ट आहे.

मधुमेह हा श्रीमंतांचा, सुखवस्तूंचा, बैठे काम करणाऱ्यांचा रोग आहे ही समजूत पुष्कळ अंशी याच मोजणीतून जन्मली. ज्यांची तपासणी होत होती त्यांनाच तो रोग असल्याचे कळत होते. रक्त तपासणारी पाहणी आली तेव्हा चित्र पालटले. ‘इंडिॲब’च्या २०१७ सालच्या निष्कर्षांत महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंडीगड येथील शहरी भागांत वरच्या आर्थिक स्तरापेक्षा खालच्या स्तरातील लोकांत मधुमेह अधिक आढळला. झोपडपट्टीतील हमाल, घरकाम करणारी बाई, पाळीवर काम करणारा पहारेकरी हे आता या रोगाच्या वाटेत उभे आहेत. स्वस्त तांदूळ, मैदा, पाव आणि गोड चहा यांवर दिवस काढणाऱ्यास ‘भाज्या व फळे भरपूर खा’ असा सल्ला भित्तिपत्रकावरून दिला जातो. तो सल्ला पाळण्याइतकी मजुरी त्यास मिळते काय, हे भित्तिपत्रक विचारीत नाही.

अंगाने बारीक माणसास मधुमेह होत नाही, ही दुसरी समजूतही तितकीच घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी असतात, परंतु त्यांचे स्नायू जितके कमी असतात तितकी त्यांची चरबी कमी नसते, असे त्यांना आढळले. आईच्या कुपोषणाचा वारसा असा देहात साठून राहतो आणि दिसावयास किडकिडीत असलेला माणूस पुढे मधुमेहास बळी पडू शकतो. कुपोषणाशी निगडित मधुमेहास आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली, तीही बरीच उशिरा. अशा बारीक माणसाकडे पाहून ना डॉक्टरला संशय येतो, ना त्यास स्वतःस. पाहणीत त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येणार.

प्रश्न कोणास विचारला जातो आणि कोणत्या शब्दांत, यावरही पुष्कळ अवलंबून असते. घरातील एक कर्ता माणूस सर्वांच्या वतीने उत्तरे देतो तेव्हा स्वतःचे आणि मुलाचे दुखणे त्यास आठवते. सुनेचे किंवा वृद्ध आईचे आठवेलच असे नाही. ‘मधुमेह’ हा पाठ्यपुस्तकातील शब्द अनेक घरांत परका असतो. तेथे ‘साखरेचा आजार’ किंवा सरळ ‘शुगर’ म्हटले जाते. प्रश्न छापील भाषेत वाचून दाखविला तर ज्याच्या कोनाड्यात साखरेच्या गोळ्यांची पुडी आहे तोही ‘नाही’ म्हणू शकतो. आणि पाहणी ज्या महिन्यांत गावात येते त्या महिन्यांत जे गावात नसतात त्यांचे काय? बीडच्या आणि अहिल्यानगरच्या वस्त्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेली ऊसतोडणीची कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. या काळात घराला कुलूप असते आणि कोयता साखर कारखान्याच्या फडात असतो. साऱ्या देशाची साखर ज्यांच्या कष्टातून निघते त्यांच्या रक्तातील साखर मोजण्यास कोणी फडापर्यंत जात नाही.

आकड्यांची तुलना करतानाही मोठी सावधगिरी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ साली, मधुमेहाविषयी केवळ प्रश्न विचारला गेला होता. पन्नाशीच्या आतील स्त्री-पुरुषांत तेव्हा शंभरात जेमतेम एक मधुमेही निघाला. चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, बोटास सुई टोचून साखर मोजण्यास प्रारंभ झाला. पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, पंधरा वर्षांवरील सर्व वयाच्या लोकांचे मोजमाप झाले आणि साखर वाढलेल्या किंवा औषध घेणाऱ्या स्त्रिया १३.५ टक्के व पुरुष १५.६ टक्के भरले. पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून ‘पंधरा वर्षांत मधुमेह चौदापट झाला’ असे कोणी म्हणेल तर ते असत्य होईल. दरम्यान प्रश्न बदलला, वयोगट बदलला, साधन बदलले आणि मोजावयाची सीमारेषाही बदलली. रोग वाढला आहे यात शंका नाही. परंतु वाढीचा किती भाग रोगाचा आणि किती भाग दिव्याच्या उजेडाचा, हे वेगळे करून सांगण्याचे उत्तरदायित्व अहवाल लिहिणाऱ्यांवर आहे.

तथापि प्रश्नावली टाकून देऊन सर्व विश्वास यंत्रावर ठेवावा, असाही याचा अर्थ नाही. यंत्रालाही त्याची आंधळी बाजू आहे. कुटुंब आरोग्य पाहणीतील १४० ची रेषा जेवणाची वेळ न पाहता केलेल्या एका मोजमापाची आहे. ती ओलांडणारा प्रत्येक जण मधुमेही असेलच असे नाही, आणि लक्षणे नसलेल्या माणसाचे निदान वैद्यकशास्त्र सहसा एका तपासणीवर करीत नाही. ‘एचबीएवनसी’ उपाशीपोटी करावी लागत नाही म्हणून पाहणीस सोयीची. परंतु ती रक्तातील हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा फुगू शकतो, तर नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट येथील आदिवासींत आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये तो खोटा उतरू शकतो. शिवाय औषध नियमित घेणाऱ्या माणसाची साखर आटोक्यात असेल तर यंत्र त्यास निरोगी ठरवील. त्याचा रोग केवळ त्याच्या तोंडूनच कळेल. यास्तव विचारणे आणि तपासणे ही दोन्ही कामे लागतात. त्या दोन आकड्यांतील अंतर हेच खरे तर सर्वांत मोलाचे मोजमाप आहे. किती लोक रोगी आहेत हे एक आकडा सांगतो, किती रोग्यांना शासनाने गाठले हे दुसरा सांगतो, आणि दोहोंतील अंतर हे शासनाच्या कामाचे गुणपत्रक ठरते.

एवढ्या तपासण्यांचा खर्च गरीब देशास परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. बोटातून एक थेंब रक्त काढून साखर मोजण्याची पट्टी स्वस्त आहे. मेटफॉर्मिन ही या रोगावरील पहिली गोळीही स्वस्त आहे. महाग आहे ते न तपासणे. वेळीच न ओळखलेला मधुमेह मूत्रपिंड निकामी करतो, डोळ्यांचा पडदा खराब करतो, पायाची संवेदना घालवितो; साधी ठेच लागून चिघळलेला पाय अखेर कापावा लागतो. क्षयरोगाचा धोका तो दुप्पट-तिप्पट करतो. २०१६ पासून शासन जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविते. तेथील खाटेवर आठवड्यास दोन-तीनदा झोपणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हा खर्च काही वर्षांपूर्वीच्या एका थेंबाने टळला असता. आणि हा भार केवळ सरकारी तिजोरीवर पडत नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. मजुराच्या घरात याचा अर्थ गहाण पडलेली जमीन, विकलेली म्हैस आणि शाळेतून काढलेली मुलगी असा होतो. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर २०२५ पर्यंत नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. ते पाळले गेलेले नाही. परवडत नाही असे म्हणण्यापूर्वी या वचनाचा जाब दिला गेला पाहिजे.

तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम कागदावर आहे आणि तो योग्य दिशेचा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचे पहिले पाऊलही पुन्हा प्रश्नावलीवरच पडते. आशा सेविका घरोघर जाऊन तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरात कोणास मधुमेह वा रक्तदाब आहे काय याची नोंद करते. मिळालेल्या गुणांवरून तपासणीचा अग्रक्रम ठरतो. ज्या घरात आजवर कोणाचीच तपासणी झाली नाही त्या घरात ‘कुटुंबात कोणास मधुमेह आहे काय’ याचेही उत्तर ‘नाही’ असेच येणार. दिवसभर राबणाऱ्या, कंबर बारीक असलेल्या शेतमजूर बाईचे गुण कमी भरतात आणि ती रांगेत मागे पडते. हे सारे काम जिच्या खांद्यावर आहे त्या आशा सेविकेस शासन कामगारसुद्धा म्हणावयास तयार नाही; ती ‘स्वयंसेविका’ आहे. महाराष्ट्रातील आशा सेविकांना आपल्या मोबदल्यासाठी २०२३ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या प्रारंभी संपावर जावे लागले. जिच्या नोंदींवर देशाच्या आरोग्याचे चित्र उभे राहावयाचे तिची अशी उपेक्षा करून अचूक आकड्यांची अपेक्षा धरणे हा शुद्ध ढोंगीपणा आहे.

या परिस्थितीत मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक आरोग्य पाहणीत ‘तुम्हांस मधुमेह आहे काय’ या प्रश्नापूर्वी ‘तुमच्या रक्तातील साखर कधी तपासली आहे काय, आणि केव्हा’ हा प्रश्न अनिवार्य असावा, आणि ज्यांची तपासणी कधीच झाली नाही त्यांस ‘मधुमेह नसलेले’ या रकान्यात न घालता ‘न तपासलेले’ असा स्वतंत्र रकाना द्यावा. अहवालात माहीत असलेला आणि नव्याने आढळलेला मधुमेह हे दोन्ही आकडे जिल्हावार, स्त्री-पुरुषवार आणि आर्थिक स्तरवार शेजारी शेजारी छापावेत. केवळ विचारपुशीच्या आकड्यांवरून राज्यांची किंवा जिल्ह्यांची क्रमवारी लावणे आणि निधी वाटणे बंद व्हावे. पाहणीत ज्याची साखर वाढलेली आढळेल त्याच्या हाती नुसती चिठ्ठी देऊन प्रगणकाने निघून जाऊ नये. त्याची नोंद जवळच्या आरोग्य केंद्रात होऊन दुसरी तपासणी आणि औषध ही त्या केंद्राची जबाबदारी ठरावी. फडावरील, वीटभट्टीवरील आणि बांधकामावरील मजुरांची तपासणी त्यांच्या कामाच्या जागी व्हावी. आणि या नोंदी मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या हाती पडणार नाहीत याची कायदेशीर हमी असावी. कारण खरे सांगितल्याने ज्याची रोजी जाते तो पुढच्या वेळी खरे सांगणार नाही.

भोर समितीने १९४६ साली आपल्या अहवालात एक साधे तत्त्व मांडले होते : पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांस मुकता कामा नये. त्या अहवालानंतर पाऊण शतक उलटून गेले. आज देशापाशी नमुना पाहण्यांची जुनी आणि नामांकित परंपरा आहे, कुशल संख्याशास्त्रज्ञ आहेत, स्वस्त औषधे बनविणारे कारखाने आहेत. उणीव आहे ती इच्छाशक्तीची. न तपासलेल्या माणसाचा ‘नाही’ हा निरोगीपणाचा दाखला म्हणून स्वीकारणे शासनास सोयीचे आहे, कारण त्या दाखल्यास एक पैसाही पडत नाही. त्याची किंमत काही वर्षांनी तोच माणूस भरतो. कधी डोळ्यांनी, कधी पायाने आणि कधी प्राणाने. कष्टकऱ्यांच्या संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत मजुरी आणि रेशनाच्या बरोबरीने रक्ताच्या या एका थेंबाची तपासणीही लिहिली पाहिजे. पुढील पाहणीचा प्रगणक दारात येईल तेव्हा त्यास उत्तर देण्यापूर्वी प्रत्येकाने उलट प्रश्न विचारावा : ‘माझी तपासणी कधी करणार?’